मोहरीच्या वाटीत राजमा

तेल तापलं होतं. आत्यांनी मसाल्याचा डबा उघडला, नेहमीप्रमाणे न बघताच चमचा घातला आणि कढईत राजमा पडला. चार-पाच दाणे. तडतडायचं सोडून ते तळाशी जाऊन बसले. आत्यांनी कढईकडं बघितलं, डब्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"मोहरी कुठाय?"

मोहरी कागदाच्या पुडीत बांधून मी फ्रिजवर ठेवली होती. जिऱ्याच्या वाटीत चिंचोके होते, हळदीची वाटी घासून तिच्यात ह्यांच्या जुन्या शर्टांची बटणं, मेथीच्या वाटीत बांगड्यांचे तुकडे घासून गुळगुळीत केलेले. फ्रिजच्या दारावर तक्ता होता. सकाळी १०.३०, चिमटी. ११, दोन्ही हात. ११.१५, पोटावर. स्वयंपाकघर हे आत्यांचं राज्य, आणि त्यात मी महिनाभर परवानगी न मागता दवाखाना उघडून बसले होते.

(आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. बाहेरच्या वाचकांचा घोळ नको म्हणून सांगितलं.)

मनू बत्तिसाव्या आठवड्यात आली. दीड किलोला २० ग्रॅम कमी. २६ दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आली तेव्हा सगळं आवरलं असंच वाटलं. बघायला येणारी प्रत्येक बाई तिला उचलायची आणि म्हणायची, "काय बाई लोण्याचा गोळा!" खरंच होती तशी. काखेत हात घालून उचललं की वरच्या वर निसटायची, जणू खांदे नव्हतेच तिला. मी ते कौतुक म्हणून ऐकत होते. पुढं डॉक्टरांनी काखेत हात घालून अगदी तसंच उचललं, ती तशीच निसटली, आणि त्यांनी कागदावर लिहिलं, स्नायूंचा ताण कमी. लोणी हे निदान होतं हे मला वर्षानंतर कळलं.

अगोदर कळायला हवं होतं का? कुणास ठाऊक. लवकर जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना जितके आठवडे कमी पडले तितके वजा करतात, साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत. म्हणजे तेरा महिन्यांची मनू हिशेबानं अकरा महिन्यांची. ती बसत नव्हती. बसवलं की पुढं दुमडायची, पुस्तक मिटल्यासारखी. घरात मात्र एकच पालुपद. "हा तरी कुठं लवकर चालला? दीड वर्षाचा झाला तेव्हा." हा म्हणजे माझा नवरा. पुढं मी जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे आकडे वाचले. पाच देशांतल्या मुलांवरनं काढलेले, त्यात भारतही आहे. एकट्यानं चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही. म्हणजे नवऱ्याचं चालणं रेघेच्या जरासंच पलीकडं होतं. आत्या खोटं बोलत नव्हत्या. शंभरात चारेक मुलं हात-गुडघ्यांवर रांगतच नाहीत आणि तरी चालतात, हेही त्यातच. पण आधाराशिवाय बसण्याची रेघ ९.२ महिन्यांना संपते. ती मनूनं केव्हाच ओलांडली होती, आणि आम्ही अजून चालण्यावर वाद घालत होतो.

बोट ठेवलं ते अंगणवाडीच्या ताईंनी. वजन करायला मनूला काट्यात घातलं, परत उचललं, आणि म्हणाल्या, "वहिनी, हिला एकदा पथकाला दाखवूया." पथक म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं. ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाली, तीही आपल्या पालघरातनं. पथक वर्षातनं दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि ज्यांच्यात काही खटकतं त्यांना पुढं धाडतं. असं करत करत आम्ही कोल्हापूरला पोचलो आणि हातात एक चिठ्ठी आली. तिच्यावर दोन शब्द होते. भौतिकोपचार. व्यवसायोपचार.

मामांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली. "पहिलं समजलं. दुसऱ्यात पोरीला काय धंदा लावणार हायेत? सव्वा वर्षाची पण न्हाई अजून."

आम्ही हसलो. त्या महिन्यातलं ते बहुतेक एकमेव हसू.

आमच्या गारगोटीपासनं कोल्हापूर ५० किलोमीटर. एसटीनं दीड तास, पावसात जास्त. तिथं चाळीस मिनिटं, की परत दीड तास. मनू जाताना झोपायची, तिथं पोचल्यावर रडायची आणि येताना पुन्हा झोपायची. पतसंस्थेतनं दर गुरुवारी अर्धी रजा. आधी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, तिथं पहिल्याच दिवशी सामानाची छापील यादी हातात दिली होती. मोठा चेंडू, गुंडाळी, झोका, खुंट्यांची पाटी, ब्रश, सगळं त्यांच्याकडंच मिळणारं. बेरीज १८ हजार. ह्यांनी टेम्पोचा हप्ता थांबवायची तयारी केली होती. मग कुणीतरी व्यवसायोपचाराच्या या मॅडमचं नाव सांगितलं.

मॅडमनी आधी मनूची चाचणी घेतली. पेटीतनं लाल ठोकळे काढले, घंटी वाजवली, कप पुढं केला. ही भारतीय बाळांसाठी बसवलेली चाचणी, डॉ. प्रमिला फाटक यांचं काम. हालचालींच्या ६७ पायऱ्या आणि बुद्धीच्या १६३. मनूनं ठोकळ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही, मॅडमच्या घड्याळाचा पट्टा मात्र धरून ठेवला. मॅडमनी तेही लिहून घेतलं. मग पेटी बंद केली, वही उघडली आणि मला विचारलं, "घरात काय काय आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. म्हटलं, "खेळणी?"

"खेळणी नकोत. घर सांगा. दारातनं आत आल्यावर पहिल्यांदा काय लागतं?"

मग मी सांगत गेले. बैठकीची खोली. दिवाण, दिवाणावर लोड. "लोड किती जाड? हिला आडवं टाकलं तर हात जमिनीला टेकतील?" टेकतील. मॅडमनी लिहिलं. मग स्वयंपाकघर, तांदळाचं पिंप. "केवढं? हिच्या छातीएवढं?" त्याहून थोडं वर. "रिकामं की भरलेलं?" भरलेलं, आमच्या शेतातला तांदूळ असतो. "मग हलायचं नाही. उत्तम." जेवायचे पाट. उंची चार बोटं. "दोन एकावर एक ठेवता येतील?" ह्यांच्या टेम्पोतले भाजीचे क्रेट. गोधड्या, त्या तर विचारूच नका, आत्यांच्या आईच्या हातच्यासुद्धा आहेत. पाऊण तास आमच्या घराची झडती चालली होती आणि मला आयुष्यात पहिल्यांदाच आमचं घर श्रीमंत वाटलं.

घरी आल्यावर लोड मामांच्या पाठीमागनं निघाला. मनूला त्यावर पोटावर आडवं घालायचं, पुढं तळहात जमिनीवर. अंगाचा भार हातांवर आला की खांदे जागे होतात. खांदे जागे झाल्याशिवाय बोटं कामाला येत नाहीत, हे मला कधी सुचलंही नसतं. मी बोटांच्याच मागं लागले असते. पाटावर बसवायचं, तळपाय सपाट जमिनीला, आणि समोरच्या डब्यावर काहीतरी ठेवायचं म्हणजे ती पाय रोवून उठेल. उठवायचं नाही, उठू द्यायचं. हात धरून वर ओढणं एकदम बंद. ते आम्ही सगळेच करत होतो, मालीश करणाऱ्या मावशी तर दोन्ही हात धरून तिला चक्क टांगायच्या. ढिल्या सांध्यांवर असा हिसका बसला की ते आणखी ढिले.

क्रेटची गोष्ट जरा सांगते. माझ्या भावानं भाचीसाठी चाकांचं प्लास्टिकचं वॉकर आणलं होतं, मधोमध मूल बसवायचं असतं ते, वाजणारं. मॅडमनी ते काढून टाकायला सांगितलं. त्यात मूल लोंबकळतं, चवड्यांवर ढकलत जातं, तोल सांभाळायचं काम वॉकरच करतं, आणि पायरीवरनं गडगडलं की डोकंच आधी. कॅनडात तर २००४ पासून त्यावर बंदीच आहे. भावाला हे सांगणं अवघड गेलं. आपला जुना लाकडी पांगुळगाडा त्याच्या उलट, मूल मागं उभं राहून स्वतः ढकलतं. पण पांगुळगाडा मनूसाठी हलका होता, ती टेकायच्या आत पुढं पळायचा. म्हणून क्रेट. त्यात पाच किलो तांदळाची पिशवी. फरशीवरनं तो घासत जातो, पळत नाही, आणि ढकलताना मांड्यांपासनं पाठीपर्यंत सगळ्याला जोर लावावा लागतो. तिला पेलायला लागला की एक किलो काढायचा नाही, घालायचा. आमच्या घरातल्या फरशीवर त्या क्रेटचे ओरखडे अजून आहेत.

चमच्याला सायकलच्या हँडलची मूठ बसवली, ह्यांच्या डोक्यातनं निघालेली गोष्ट. बारीक दांडी तिच्या पकडीत राहत नव्हती, जाड रबरी मूठ राहिली. ताटाखाली ओलं फडकं, म्हणजे ताट सरकत नाही. दोन रुपयांचा खर्चही नाही, पण या दोन गोष्टींनी जेवताना मनूच्या चेहऱ्यावरचा राग गेला.

इथवर सगळं बरं चाललं होतं. बिघडवलं मी.

मी हिशेबनीस बाई आहे. रोज संध्याकाळी तिजोरी जुळली नाही तर मला जेवण जात नाही. मॅडमनी सांगितलेलं घरात मिसळून टाकायचं होतं, मी त्याचा तक्ता केला. पंधरा-पंधरा मिनिटांचे खण पाडले, मोबाइलवर गजर लावले. रात्री मनू झोपली की मोबाइलवर परदेशातल्या आयांचे व्हिडिओ बघायचे आणि सकाळी तसलं काहीतरी मांडायचं. रंगवलेला तांदूळ, भिजवलेला साबुदाणा, पिठात लपवलेली बटणं. प्रत्येक गोष्टीला नाव एकच, सेन्सरी, म्हणजे संवेदनांचं. या शब्दामागं खरं काम आहे, जीन एअर्स नावाच्या अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी १९७२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. कानातला तोल, सांध्या-स्नायूंकडनं मेंदूला जाणारी खबर, स्पर्श, या सगळ्यांची मोट मेंदू कशी बांधतो, हे त्यांनी मांडलं. पण त्यावर बेतलेल्या उपचारांचा पुरावा अजून तोकडा आहे, पालकांना तसं स्पष्ट सांगा, असं तिथल्याच बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१२ मध्ये म्हटलं. मोबाइलवरच्या आया ते सांगत नाहीत. मला तेव्हा ऐकायचंही नव्हतं. मला फक्त तक्त्यातल्या खणात बरोबरची खूण हवी होती.

चिमटीचा खण महिनाभर रिकामा राहिला. अंगठा आणि तर्जनी जुळून बारीक वस्तू उचलणं, बहुतेक मुलं नवव्या-दहाव्या महिन्यात करतात. मनू दीड वर्षाची झाली तरी मूठ मारून ओढायची, कुदळीनं माती ओढतात तशी. मी मसाल्याचा डबा पुढं ठेवायचे. एक बटण उचल. उचल ना. हे बघ, आई कशी उचलते. शेवटी शेवटी तिला नुसतं डब्याचं झाकण दिसलं तरी ती मान फिरवायची. आणि त्याच आठवड्यात आत्यांच्या कढईत राजमा पडला.

आत्या ओरडल्या नाहीत. गॅस बंद केला, राजमा झाऱ्यानं काढला, आणि म्हणाल्या, "तुझी शाळा तू खोलीत घे. माझा डबा मला दे."

मी रागावले. मनात बरंच बोलले. तुम्हाला पडलेली नाही, तुम्हाला फोडणीची पडलीय. मग चारच दिवसांनी मनूनं हरभरा नाकात घातला. माझ्या शाळेतला हरभरा, माझ्या समोर. तीस सेकंद मी गजर बंद करायला वळले होते. कोरडं कडधान्य नाकातल्या ओलीनं फुगतं, घरी चिमट्यानं काढायला जाऊ नये, आत ढकललं जातं, हे सगळं डॉक्टरांनी काढून झाल्यावर शांतपणे सांगितलं. श्वासनलिकेत गेला असता तर, हे त्यांनी सांगितलं नाही. माझं मला कळत होतं. अमेरिकेत खेळणी तपासायला ३.१७ सेंटीमीटर व्यासाची एक नळी असते, तिच्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलासाठी नाही. मामांच्या जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी जवळपास तेवढ्याच तोंडाची निघाली. त्या रात्री मी घरातली एकेक वस्तू त्या डबीत घालून बघितली. बटणं, चिंचोके, राजमा, शेंगदाणे, बांगड्यांचे तुकडे. सगळं मावलं. महिनाभर मी लेकीसमोर रोज जे मांडत होते, त्यातलं एकूण एक.

तक्ता काढला. पंधरा दिवस फक्त लोड, पाट आणि क्रेट.

मग पावट्याचे दिवस आले. डिसेंबरातली संध्याकाळ, लाईट गेली होती. आत्या दाराशी सूप घेऊन शेंगा सोलत बसल्या होत्या, मी समोर. मनू पोटावर सरपटत आली, दोन्ही कोपरांवर उठली आणि सुपातली एक शेंग ओढली. तोंडात घालेल म्हणून माझा हात पुढं गेला. आत्यांनी तो अडवला. "बसलोय की मी हितं. बघतोय."

मनूनं शेंग चुरगळली. आत्यांनी काही शिकवलं नाही. फक्त आपली पुढची शेंग जरा सावकाश सोलली, देठ मोडून शीर ओढली, पोटाशी अंगठा दाबला, दाणे पातेल्यात टाकले. टण्. मनूनं ऐकलं. तिनं एका हातात शेंग धरली, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं उकलायला लागली, आणि अंगठ्याला साथ द्यायला तर्जनी आपोआप आली. फट पडली. आतला दाणा तिनं दोन बोटांनी धरला. मूठ नाही. दोन बोटांनी. आणि पातेल्यात टाकला. टण्.

मी श्वास रोखून बसले होते. आत्यांनी नुसतं म्हटलं, "हं, आणि एक." एक हात धरणारा, दुसरा करणारा, अंगठा-बोटाची चिमटी, वस्तू नेमकी सोडणं, कोपरावर भार. माझ्या तक्त्यातले चार खण एका शेंगेत होते. एका तासात तिनं सात शेंगा सोलल्या, तीन दाणे चेंगरले. रात्री मामांना वाढताना आत्या म्हणाल्या, "ह्यातला सात शेंगांचा पावटा तुमच्या नातीनं सोललाय." मामांनी आमटीत बोट घालून दाणे शोधले.

इथं मी शहाणी व्हायला हवी होते. झाले नाही. दुसऱ्या दिवशी शेंगा संपल्या होत्या, म्हणून मी केरातली टरफलं वेचली, धुतली, रबराच्या चेंडूच्या लांबट पट्ट्या त्यांत भरल्या (डबीत न मावणाऱ्या, एवढी अक्कल आली होती), टरफलं परत मिटवली आणि मनूसमोर सुपात ठेवली. तिनं एक उचललं. उघडलं. आतलं लाल रबर बघितलं. मग इकडंतिकडं बघायला लागली. पातेलं शोधत होती. पातेलं नव्हतं. समोर आज्जीही नव्हती. तिनं टरफल माझ्या मांडीवर ठेवलं आणि सरपटत निघून गेली.

पुढच्या गुरुवारी मॅडमना हे सांगितलं, जरा तक्रारीच्या सुरातच. त्या खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, "तिला कळलं ना, हे खोटं काम आहे ते! व्यवसाय म्हणजे नोकरी-धंदा नाही हो. माणूस ज्यात जीव घालून गुंततो ते. आम्ही ते गुंतणंच औषध म्हणून वापरतो, म्हणून व्यवसायोपचार. तुम्ही गुंतणं काढून घेतलं आणि नुसती बोटं ठेवली."

घरी येऊन मामांना सांगितलं. मामा रोज गीतेचा एक अध्याय वाचतात. ते उठून पोथी घेऊन आले, दुसरा अध्याय काढला. "व्यवसायात्मिका बुद्धी. हे बघ. धंदेवाईक बुद्धी न्हवं. निश्चयाची, एकाच ठिकाणी लागलेली. त्या चिठ्ठीवर बरोबर लिहिलं होतं, मलाच उगीच हसू आलं."

अंगणवाडीच्या ताईंना हे सगळं सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी मला जुनी गोष्ट सांगितली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांत. मॉंटेसरीबाईंची महागडी साधनं परवडणार नाहीत, म्हणून पानं, बिया, शंख-शिंपले, खडे. एवढं मीही शाळेत ऐकलं होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं. मारिया मॉंटेसरी मुळात डॉक्टर. १९०७ मध्ये रोममध्ये बालगृह काढायच्या आधी त्यांनी ज्यांना मंदबुद्धी म्हणून बाजूला टाकलं होतं अशा मुलांसोबत काम केलं, आणि त्यांची पुष्कळशी साधनं तिथनं आली. म्हणजे ते लाकडी ठोकळे आधी मनूसारख्यांसाठीच होते. मग ते सगळ्या मुलांचे झाले, महाग झाले, आणि समुद्राकाठच्या एका गावात पुन्हा शिंपले झाले. पालघर जिल्ह्यातच बोर्डी, आणि तपासणीची योजना सुरू झाली तेही पालघरातच. योगायोगच आहे, पण मला तो आवडतो.

तेव्हापासनं मनूला कामं मिळाली. दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे काढून डब्यात टाकायचे. कोथिंबीर निवडायची, म्हणजे आत्यांच्या मते कोथिंबिरीचा खून करायचा. कणकेचा गोळा तिंबायचा, त्याची छोटी पोळी तिच्या ताटात. कांद्यांचा क्रेट दारापासनं स्वयंपाकघरापर्यंत. दिव्याच्या वाती वळायच्या, तळव्यावर तळवा घासून, त्या कधी सरळ झाल्या नाहीत आणि तरी देवापुढं त्याच लागल्या. काम खरं असलं पाहिजे ही अट फार महाग पडते, हे मात्र कुणी सांगत नाही. मटार निवडायला वीस मिनिटांच्या जागी तास जातो. रात्रीचं जेवण साडेनऊला. पतसंस्थेतनं दमून आल्यावर निम्म्या वेळा मी तिच्या हातातनं लाटणं काढून घेतलंय, दे इकडं, म्हणून. आत्यांनी कधी काढून घेतलं नाही. त्यांच्याकडं वेळ जास्त होता असं मी स्वतःला सांगते. नव्हता.

आणि सगळंच काही काम होऊ शकलं नाही. लोडावरचा व्यायाम तिला शेवटपर्यंत आवडला नाही, तो रडत-रखडत, गाणी म्हणत, लाच देत केला. बुटातल्या आधाराच्या पट्ट्या मोचीनं नाही, तज्ज्ञानंच माप घेऊन बनवल्या. फुंकणीनं फुंकलं की जीभ सुटून बोलणं लवकर येतं, असं एका नातेवाइकानं सांगितलं होतं, वाणीउपचारवाल्या ताईंनी ते साफ खोडून काढलं. फुंकणं म्हणजे फुंकणं, बोलायला बोलावंच लागतं. दर गुरुवारची एसटीही बंद झाली नाही. लोड किती उंच, पाटावर किती वेळ, पाय मागं दुमडून बसली तर कसं मोडायचं, हे बघणारी नजर आमच्या घरात कुणाकडंच नव्हती.

ती चालली दोन वर्षं पाच महिन्यांची असताना. पिंपाला धरून उभी होती. मंडईतनं आलेली कोथिंबिरीची जुडी मी तिच्या हातात दिली, आज्जीला दे म्हणून. जुडी मोठी, एका हातात मावेना. तिनं दुसराही हात लावला. पिंप सुटलं. आज्जी चार पावलांवर, पाठमोऱ्या, चहा गाळत होत्या. त्यांना कळलंच नाही. "ठेव तिथं," म्हणाल्या, न वळताच.

आता मनू पाच वर्षांची आहे. बरी झाली का, असं लोक विचारतात, त्याचं उत्तर मला येत नाही. जिने चढताना दमते. वर्गात सगळ्यांच्या मागनं पोचते. बटणं लावते, खालचं एक राहतं. कोल्हापूरला आता तीन महिन्यांतनं एकदा जातो. गेल्या वेळी मॅडमनी तिच्यापुढं दोरा आणि मणी ठेवले, मोठे, लाकडी. ओवून दाखव म्हणाल्या, आणि घड्याळ लावलं.

मनूनं मण्यांकडं बघितलं, दोऱ्याकडं बघितलं. "कुणाला घालायचीय?"

मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या. मी काही बोलले नाही. त्यांनी घड्याळ बंद केलं, पेन ठेवलं आणि टेबलावरनं मान पुढं केली.

मनूनं अकरा मणी ओवले. दोरा तोकडा निघाला, गळ्यात येईना. मग मनगटाला बांधायचं ठरलं. गाठ मात्र मला मारावी लागली, ती तिला अजून येत नाही.